मोक्यावरचा पंचनामा

आमच्या गावात वळणदार सही असलेली माणसं तीन, म्हणून प्रत्येक पंचनाम्याला पंचही तेच तीन. त्यातला एक मी, किराणा दुकानदार भाऊराव. भांडण बांध-धुऱ्याचं असो, विहिरीचं असो की मेलेल्या बैलाचं, आम्ही मोक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, कधीच जात नसू. ज्याचा चहा, त्याच्या ओट्यावर बसायचं, 'समक्ष पाहणी केली' असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. चहात साखर जास्त असली की पाहणी बारकाईची व्हायची.

अडुसष्ट सालची गोष्ट. उकंडरावाच्या शेतातून कलाबाईच्या तीन एकराकडे गाडीवाट जायची. कलाबाई बौद्धवाड्यातली. तिच्या नवऱ्यानं, जानरावनं, मरायच्या आधी वीस वर्षं त्याच वाटेनं गाडी हाकली होती. तो गेला आणि उकंडरावाला एकदम आठवलं की वाट आपल्या शेतात आहे. मृगाआधी त्यानं वखर घालून ती मोडून टाकली आणि वरून ज्वारी पेरली. एकट्या बाईशी भांडायला त्याला असा जोर चढला, जणू पानिपतच मारायचं होतं.

पौषात कलाबाईचा कापूस वेचून झाला आणि शेतातल्या गळक्या झोपडीत पडून राहिला. ज्वारी निघाली होती, तरी उकंडराव गाडी आत घालू देईना. नांदुऱ्याचा बाजार तीन कोस. तिनं आठ दिवस गाठोडी डोक्यावर वाहिली, तरी ढीग काही हलला नाही. एक अवकाळी सर आली असती तर वर्षाची कमाई मातीत गेली असती. तिनं तहसीलदाराकडे अर्ज दिला. साहेबानं पाहणीची तारीख नेमली.

तारखेच्या आदल्या दिवशी उकंडरावानं आम्हा तिघांना ओट्यावर बसवून पंचनामा लिहून घेतला. 'मोक्यावर जाऊन समक्ष पाहिले. सदर शेतातून गाडी जाईल असा रस्ता पूर्वी नव्हता व आज रोजी नाही.' तारीख उद्याची टाकली. मी सही केली आणि बशीतला चहा भुरकला. त्या वेळी मला काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

आता उकंडरावाची अक्कल पाहा. साहेबाला नुसती पाहणी करून परत पाठवायचं म्हणजे आपल्या इभ्रतीला कमीपणा, असं त्याला वाटलं. शेतातल्या विहिरीवर आंब्याखाली रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण पाहिजे, आणि साहेबाची जीप थेट आंब्याखाली उभी राहिली पाहिजे, सगळ्या गावानं पाहिली पाहिजे. त्यासाठी त्यानं दोन दिवस चार गडी लावले होते. त्यांनी धसकटं उपटली, ढेकळं फोडली, ओलीच्या जागी दोन गाड्या मुरूम टाकला. काळ्या मातीत चाक रुतणार, म्हणून गड्यांनी घट्ट जमीन धरली. ती जुन्या वाटेवरच होती. रस्ता नाही हे दाखवायला त्यानं रस्ता केला, आणि एवढ्या मोठ्या गावात हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर जीपमध्ये मागं बसायला मिळालं म्हणून फुगलो होतो. जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसलो, तेही मी नाही म्हणून लिहून दिलेल्या रस्त्यावर.

साहेबानं तूप ओतून चार रोडगे खाल्ले, ढेकर दिली आणि पंचनामा मागितला. वाचून खिशातलं पेन काढलं. कलाबाई सकाळपासून धुऱ्यावर उभी होती. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ती पुढं आली.

"सायेब, सही करा. पण मले एक सांगा, हे जीप कुठून आली?"

साहेबाचं पेन थांबलं. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग चाकांच्या खुणांकडे.

उकंडराव घाईनं म्हणाला, "तो तं आत्ता केला सायेब, तुमच्यासाठी. दोन दिवसाचा रस्ता हाये तो."

"वरचा मुरूम याचा हाये," कलाबाई म्हणाली. "खालची चाकोरी माह्या मालकाच्या गाडीची हाये. खणून पाहा."

साहेबानं ड्रायव्हरला पहार घ्यायला लावली. बाजूच्या शेतात पहार हातभर आत गेली. वाटेवर, मुरूम नव्हता तिथं, मारली तर खणकन वाजली आणि वर आली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग साहेब माझ्याकडे वळले आणि ही सही कोणाची, समक्ष पाहणी कधी केली, असं विचारलं.

मी खरं बोललो. धैर्य वगैरे काही नाही, खोट्या पंचनाम्याचा खटला डोळ्यांपुढं उभा राहिला म्हणून बोललो. वाट जुनी आहे, जानरावची गाडी मी स्वतः पाहिली आहे, पंचनामा ओट्यावर लिहिला. बाकीचे दोघं पंच माना डोलावत होते. ओट्यावरही ते अशाच डोलावत. साहेबानं कागद फाडला आणि वाट मोकळी ठेवण्याचा हुकूम तिथंच लिहिला. बिचाऱ्या उकंडरावाचं तूप मात्र वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसानं भरलेली गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. कलाबाई जुवाजवळ उभी होती. तिनं आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. ती दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊराव, एक कागद लिहून द्या," ती म्हणाली. "कलाबाईची गाडी आज या वाटेनं गेली म्हणून. उद्या त्यानं फिरून वखर घातला तं कामी येईन."

मी गल्ल्यावरचा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं.

"इथं बसून नाही," ती म्हणाली. "गाडी रिकामी करून मी दुसऱ्या खेपेले वापस येतो. तवा वाटेवर उभे राहा, पाहा, मंग लिहा."

मला लाज वाटली. आदल्या दिवशी साहेबासमोर वाटली नव्हती, ती आता वाटली. दुपारी मी दुकान बंद केलं, चपला घातल्या आणि उकंडरावाच्या शेतात जाऊन वाटेच्या कडेला उभा राहिलो. गाडी यायला दिवस कलला. तोवर मी उन्हात उभा होतो, आणि पंच झाल्यापासून पहिल्यांदा मोका पाहत होतो.