डिस्कवर जागा नाही

‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही.’

पडद्यावरची ओळ वाचून रत्नानं खुर्ची मागे ढकलली. “कसा पात्र नाही, बघतेच,” ती म्हणाली. दुकानात ऐकायला कोणी नव्हतं.

रस्त्यापलीकडे दीर प्रेमराजच्या दुकानात मात्र रांग होती. लग्नाचे व्हिडिओ आणि ऑनलाइन अर्ज यांचं ते दुकान खरं तर तिच्या नवऱ्यानं, रतिलालनं उभं केलेलं. रतिलाल गेला, दिवसकार्य उरकलं आणि प्रेमराजनं कुलूप बदललं. जुना संगणक तेवढा तिच्या दारात आणून ठेवला.

“वहिनी, हाऊ डबा तुमले ऱ्हाऊ द्या. भाऊनी याद शे.”

त्याच डब्यावर तिनं चाळीसगावात, मुद्दाम त्याच्या समोरच, गाळा घेतला. गिऱ्हाईक येऊ लागलं तसा प्रेमराज सांगत सुटला, “तिकडे जुनं विंडोज शे. बँकनी बठ्ठी माहिती चोराई जाई.” सगळी माहिती चोरीला जाणार म्हणून लोक घाबरले. पायरीपर्यंत आलेले परत फिरू लागले.

म्हणून तिनं मोबाइलवर बघून बघून, मशीनची पात्रता न तपासता विंडोज ११ चढवणारा पेनड्राइव्ह तयार केला. मशीन मध्येच अडकलं, बंद पडलं. तिनं पुन्हा सुरू केलं. अखेर ते पुढे सरकलं आणि म्हणालं, डिस्कवर जागा नाही.

जागा रतिलालच्या व्हिडिओंनी अडवली होती. त्यांत सासूबाईंची, पुष्पाबाईंची पंचाहत्तरी होती. त्या दिवशी प्रेमराज आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला होता. सासूबाई गेल्यावर त्यांचं चालतं-बोलतं असं तेवढंच उरलं होतं. दुसरा पेनड्राइव्ह खणात पडला होता, उतरवून घेता आलं असतं. रत्नानं खण उघडला नाही. अख्खा फोल्डर कायमचा पुसून टाकला.

“घे तुझी याद,” ती म्हणाली.

नवं विंडोज चालू झालं. तिनं दारावर ठळक अक्षरांत तसं लिहून लावलं आणि महिन्याभरात रांग रस्ता ओलांडून तिच्याकडे आली.

मग एका दुपारी प्रेमराजच आला. उभाच राहिला.

“वहिनी, मायनं वरीसश्राद्ध शे. भाऊनी काढेल व्हिडिओ तुमनाजोडे व्हई ना?”

याच क्षणाची तर ती वाट पाहत होती.

“मी पुसी टाका तो.”

“बठ्ठा?”

“बठ्ठा. तुम्हीच सांगेत ना लोकस्ले, जुनं धोकानं शे म्हनीसन?”

तो चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो बाकावर बसला.

“मायना चेहरा फोटोमा तरी शे, वहिनी,” तो म्हणाला. “कॅमेरामांगे भाऊ बोली ऱ्हायंता. त्याना आवाज आते कोठेच नही.”

तो उठून गेला. त्याच्या जागी एक म्हातारे आबा येऊन टेकले आणि त्यांनी आधार कार्ड पुढे सरकवलं.

“नाव सांगा,” रत्ना म्हणाली. आबांनी सांगितलं, पण ती रतिलालचा आवाज आठवत होती; तिला पुन्हा विचारावं लागलं.