एक वजा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, जमीन मोजणारा. माझ्या डब्यावर तीस मीटर असं छापलंय, पण त्यातले माझे स्वतःचे एकोणतीसच. त्या एका मीटरची हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझी मालकीण राही वकील. शहापूरला तिचं लहानसं ऑफिस आहे. ओढे, झाडं, डोंगर आणि जमिनी, एवढ्यांचेच दावे ती लढते. "वकिलाला टेप कशाला?" असं मला विकताना दुकानदाराने विचारलं होतं. ती म्हणाली, "कागदावरचा ओढा आणि जागेवरचा ओढा एकच आहे का, ते बघायला." मला ते उत्तर फार आवडलं. पुढे अठरा वर्षं मी कोर्ट कमी आणि चिखल जास्त पाहिला. निम्मे दावे ती हरली, हेही सांगायला हवं.

वाशिंदला एका कारखान्यामागचा नाला मोजताना रखवालदाराने फाटक ओढलं आणि माझा पहिला मीटर पितळी कडीसकट तुटून गेला. राहीने डब्यावर लाल शाईने लिहिलं, 'एक वजा'. म्हणजे मी सांगेन त्यातून एक कमी करायचा. मला तो अपमान वाटला. पुढे हाताच्या घामाने ती शाई पुसून गेली, तेव्हा मी मनातून खूश झालो होतो.

टोकावड्याजवळच्या एका पाड्यावर भिमीचं भाताचं खाचर आहे. शेजारी फार्महाउसचे प्लॉट पाडणाऱ्याने ओढ्यात मुरमाचा भराव टाकला आणि नकाशात मात्र भराव शून्य दाखवला. ओढा अरुंद झाला, म्हणजे पावसाळ्यात पाणी बांध फोडून भिमीच्या खाचरात घुसणार आणि माती धुऊन नेणार. मे महिना लागला होता. पावसाच्या आत भराव काढण्याचा हुकूम हवा होता.

भरावाची रुंदी मोजायला भिमीने माझं टोक धरलं आणि राहीने आकडा वाचला, सहा मीटर. प्लॉटवाल्याची माणसं शेजारी उभी राहून हुज्जत घालत होती. त्या गडबडीत वजाबाकी राहून गेली आणि प्रतिज्ञापत्रात सहाच लागलं.

तारखेच्या दिवशी मुरबाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात भिमीने पिशवीतून दोरी काढली. "ताई, तुमी गेल्यावर मी बी मोजलं. सायबानं इचारलं तं सांगता यावं. मंग कापडाच्या दुकानात लोखंडी मीटरवर धरली. पाचच भरली."

राहीने माझा डबा उलटसुलट करून पाहिला. लाल अक्षरं नव्हती. तिचा चेहरा उतरला आणि मला शरमेने डब्यात तोंड लपवावंसं वाटलं.

"चूक माझी आहे, भिमीताई. आत जाऊन सांगते."

"आन् दावा गेला मंग? सहाच राहू द्या ना. त्यांनी कुठं मोजलंय?"

"त्यांनी ओढा खोटा दाखवला म्हणून आपण इथे आलो. आता आपणच खोटं दाखवायचं?"

भिमीने दोरी पिशवीत कोंबली. ती रागावली होती आणि तिचं चुकत नव्हतं. खाचर तिचं होतं.

राहीने उभं राहून सांगितलं, "सहा नव्हे, पाच. माझा टेप तुटका आहे." समोरचे वकील हसले. असल्या टेपावरचा दावा फेटाळूनच लावा, म्हणाले. न्यायाधीशांनी मला मागवून घेतलं, माझं तुटकं टोक बोटाने चाचपलं आणि सरकारी मोजणीचा आदेश दिला. मोजणी होईपर्यंत भिमी राहीशी धड बोलली नाही.

मोजणीत भराव पाच मीटर निघाला. राहीचा आकडा जुळला, प्लॉटवाल्याचा शून्य जुळला नाही. सहा तसाच ठेवला असता, तर दोघंही खोटी ठरली असती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुरूम उपसला गेला.

भाताची लावणी आटोपल्यावर भिमी ऑफिसात आली. तिने त्याच दोरीचा एक मीटर कापून माझ्या तुटक्या टोकाला घट्ट बांधला. "आता शून्यापासनं मोजा," ती म्हणाली.

दोरी ओली झाली की बोटभर आखडते. म्हणून प्रत्येक मोजणीआधी राही मला कापडाच्या दुकानातल्या लोखंडी मीटरवर धरून बघते. मला आता त्याचा अपमान वाटत नाही. मित्रांनो, जुनी तुटकी वस्तू टाकू नका. पण तिचं काय तुटलंय ते ठळक लिहून ठेवा आणि शाई पुसली की पुन्हा लिहा.

मी आता तीस मीटर भरतो. त्यातले एकोणतीस माझे आणि एक भिमीचा.