एप्रनवरचा कॅमेरा

तुमच्या-आमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं आणि बाकीच्यांना कामावर जाणं भाग असलं, की परक्या माणसावर विसंबावंच लागतं. या लेकीचंही तसंच झालं होतं. वडिलांची उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना सांभाळायला मावशी येत. ऑफिसातल्या मैत्रिणींनी नाही नाही ते किस्से ऐकवले, तेव्हा लेकीने मावशींच्या एप्रनवर बटणाएवढा कॅमेरा लावला. मावशींनी निमूट लावून घेतला. वडिलांना कुणी विचारलंच नाही. कामातून मान वर केली, की ती मोबाइलवर घर बघायची.

आठवड्याभरात वडिलांच्या कोपरावर काळानिळा डाग दिसला. "कुठे लागलं?" विचारलं, तर दोघंही गप्प. त्यात रोज दहाच्या सुमारास मोबाइलवर पंधरा मिनिटं नुसता अंधार! तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी ती दहाला गुपचूप घरी परतली. कॅमेरा खुर्चीवर उशीखाली होता. बाथरूममध्ये मावशी वडिलांना अंघोळ घालत होत्या.

"कॅमेरा लपवून काय चाललंय? आणि तो डाग कसला?"

मावशींनी आधी वडिलांच्या अंगावर टॉवेल टाकला.

"झाकायला मीच सांगितलं," वडील अडखळत म्हणाले. "हात गेला माझा, लाज नाही गेली. तू मोबाइल बघताना शेजारी कोण बसतं, मला काय माहीत?"

लेकीची मान खाली गेली. ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण रोज तिच्या मोबाइलमध्ये डोकावायची.

"ताई," मावशी म्हणाल्या, "घट्ट धरलं तर कॅमेऱ्यात बघून तुम्हाला वाटेल, मी हिसकाच दिला. म्हणून पलंगावरून उठवताना हलकं धरलं आणि ते निसटले, कोपर आपटलं."

"तू त्यांना काढून टाकशील, म्हणून मीच गप्प राहायला सांगितलं," वडील म्हणाले.

लेकीने कॅमेरा बंद केला. "बाबा, तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मग आता विचार."

तिने विचारलं. वडील नको म्हणाले, तसा कॅमेरा बंदच राहिला. रविवारी मावशींकडून त्यांना उठवायची पद्धतही शिकून घेतली. मावशींची पकड किती घट्ट असावी लागते, ते तेव्हा तिच्या हातांना कळलं.

मंडळी, माणसं फसवतात, नाही असं नाही. पण ज्याच्यावर कॅमेरा रोखायचा, त्याला आधी विचारा. न विचारता ठेवलेली नजर काळजीपोटी असली, तरी ती पाळतच असते.