देव तीनदा हसला

साऊफोंग आंटीचे नेम कडक. पहाटे क्वानयिन देवीसमोर तीन उदबत्त्या, प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार, आणि खोटं कधीच बोलायचं नाही. या शेवटच्या नेमाला तिने एक बारीकशी फट ठेवली होती. कुणी नेमकं विचारलं नाही, तर आपणहून सांगायचं नाही.

नवऱ्यामागे त्याची लाल टर्बो गाडी राहिली होती. दोन दारांची, वीस वर्षांची, आणि सुरू केली की सगळ्या गल्लीला कळेल अशी. कागद मुलाच्या, वाईहूंगच्या नावावर. तो सिंगापूरला. गाडीची नस ओळखणारा म्हातारा फोरमन गॅरेज बंद करून लेकीकडे परदेशी गेला, तेव्हा वाईहूंगने फोनवर बजावलं, "आई, त्या गाडीच्या नावाने इपोहमधले सगळे फोरमन तुला टोपी घालणार. छिंगमिंगला पितरांसाठी येतोय. तोवर खोटं न बोलणारा एक तरी फोरमन मला दाखव. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. दुसरी किल्ली माझ्याकडेच आहे."

"बरं," आंटी म्हणाली. गाडी गेली असती तर तिचा जीवच गेला असता. पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिने हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आत स्वतःच्या हाताने कोरा फिल्टर बसवला, झाकणाला आतून एक लाल पाकीट, शकुनाचे पैसे घालून देतात तसलं, चिकटपट्टीने डकवलं आणि "ओमितोफो" असं बुद्धाचं नाव घेत डबा बंद केला. मग गाडी गॅरेजात नेऊन चेहरा भोळा करायचा आणि म्हणायचं, "ओढत नाही हो, जरा फिल्टर बघता का?"

पहिला म्हणाला, "आंटी, फिल्टर कोळशासारखा झाला होता! बदलला." घरी येऊन पाहिलं, तर पाकीट होतं तिथेच. दुसऱ्याने म्हणे बदललाच, शिवाय टर्बो मरायला टेकलाय असंही सांगितलं. पाकीट जागच्या जागी. तिसऱ्याने कॉफी पाजली, "तुम्ही मला आईसारख्या," म्हणाला आणि फिल्टर थेट जपानहून मागवल्याचं सांगितलं. आईसारखीच्या पाकिटाला मुलाचं बोटही लागलं नव्हतं.

राहिला मेंगलेम्बूचा लाऊ. शेंगदाण्याच्या कारखान्यामागे त्याचं गॅरेज, आणि तोंड सदा कडू काढा प्यायल्यासारखं. गाडी बघून म्हणाला, "उद्या या." उद्या गेली, तर म्हणाला, "परवा या." परवा फोन केला, तर म्हणाला, "अजून नाही." का, ते सांगेना.

तोवर वाईहूंग आला. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. दोघं मेंगलेम्बूला पोचले तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं, डबा उघडा, आणि झाकणाला लाल पाकीट जसंच्या तसं. बाजूला लाऊ हात बांधून उभा.

"तीन दिवसांत एक फिल्टर बदलून होत नाही?" वाईहूंगने विचारलं.

"देव परवानगी देत नाही."

"कोण?"

लाऊने हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे भिंतीपाशी दातुक कोंगचं लाल घरकुल होतं. त्या जागेचा राखणदार तो. पुढे विडा, फुलं, उदबत्त्या.

"गाडीत देवाचं पाकीट चिकटवलेलं. मालकाने कुठल्या नवसाचं ठेवलंय कुणास ठाऊक! न विचारता आत हात कसा घालू? म्हणून लाकडाच्या दोन फाका टाकून कौल लावला. रोज एकदा. एक फाक उताणी, एक पालथी पडली की हो. तीनही दिवस दोन्ही उताण्या."

"म्हणजे नाही?"

"नाही नव्हे. देव हसतो. तीनदा हसला! माझ्या जन्मात असं झालं नव्हतं."

आंटीने रुमाल तोंडाला लावला. मग तशीच घरकुलापुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. "दातुक, पाकीट माझंच. नवसाचं नाही, चोर पकडून खोटं न बोलणारा फोरमन शोधायचं." तिने फाका टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

लाऊने हात पुसून, दोन्ही हातांनी पाकीट सोडवलं आणि ते हलकं लागताच भडकला. "रिकामं? आंटी, रिकामं लाल पाकीट ठेवतं का कुणी? देव हसेल नाही तर काय करेल!"

"आणि फिल्टर?" वाईहूंगने विचारलं.

लाऊने तो बाहेर काढून पाहिला. "कोरा करकरीत आहे. बदलायचा कशाला? उगाच तीन दिवस जागा अडली."

आंटीने मुलाकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत तीच पहिली आली होती. पण लाऊचं संपलं नव्हतं. "गाडीत खोट काही नाही. ब्रेकच्या पट्ट्या तेवढ्या संपल्यात. घाटात जोरात हाणली की अशा झिजतात. कोण चालवतं ही?"

"आई," वाईहूंग सावकाश म्हणाला, "तू म्हणाली होतीस, गाडीने फक्त देवळात जातेस."

"देवळातच जाते. कॅमेरॉनला डोंगरावर देऊळ आहे की."

"किती वेळ लागतो?"

आता मात्र नेमकं विचारलं होतं. आंटी उदबत्त्यांकडे बघत पुटपुटली, "पंचावन्न मिनिटं."

"लोकांना दीड तास लागतो," लाऊने दुरुस्ती केली.

"तुम्हाला कुणी विचारलं?" आंटी फणकारली.

"तुम्हीच खोटं न बोलणारा शोधत होतात ना?"

वाईहूंगला हसू आवरेना. त्याने गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून कळवलं. मग खिशातून दुसरी किल्ली काढली, लाऊच्या हातातलं पाकीट घेऊन त्यात सरकवली आणि ते दोन्ही हातांनी लाऊपुढे धरलं. लाऊनेही दोन्ही हातांनी घेतलं. आत काय आहे ते डोळ्यांदेखत पाहिलेलं असूनही, रीत म्हणून त्याने देणाऱ्यासमोर पाकीट उघडलं नाही.

"पट्ट्या मंगळवारी येतील," तो आंटीला म्हणाला. "तोवर घाट बंद."

"मंगळवारी प्रतिपदा आहे," आंटी हळूच म्हणाली. "देवळात जावंच लागेल. किती वाजता येतील पट्ट्या?"