पेल्यातले दात

मच्छिंद्रचं लग्न दातांवरून मोडत आलं होतं. त्याचा एकही दात पडलेला नव्हता, आणि तरीही. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या तोंडची चवच गेली होती.

मच्छिंद्र माझा धाकटा दीर. एक्क्याऐंशी साली सासूबाई गेल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. जाताना त्यांनी माझ्याकडून वचन वगैरे काही घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याला कढी आवडती." मी काय ते समजले.

वाटूरच्या आमच्या रानात ज्वारी निघाली की कडब्याची गंज रचायची असे. खालून एकानं पेंढी फेकायची, वरच्यानं ती झेलून रचायची. मच्छिंद्र मिसरूड फुटायच्या आधीपासून गंजीवर असायचा. आमचे मालक, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, मुद्दाम वाकडी फेकत. हा पालीसारखा आडवा होऊन झेलायचा. मालक खालून म्हणत, "सोड की रे एखादी. लोकाला वाटंल मला फेकता येत न्हाई."

पुढे तो फौजेत गेला. तिथल्या एका सुभेदारानं त्याला चेंडू झेलताना पाहिलं आणि रग्बी खेळायला घेतलं. हे नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. रजेवर आला की तो ओसरीवर नारळ हातात घेऊन समजावून सांगायचा. चेंडू असा लांबोळा. आठ आठ जण एकमेकांच्या खांद्यात डोकी घालून ढकलतात. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हातानं द्यायचा तो मागच्यालाच, पुढे फेकायचा नाही.

"जायचं पुढं आन् द्यायचं मागं?" मालक म्हणाले. "मागं कुणी नसंल तर?"

"असतो, दादा. असणारच, हे धरूनच द्यायचं."

काही वर्षांनी तो देशाच्या संघात निवडला गेला. समुद्रापलीकडे जाऊन खेळून आला. मी गावभर पेढे वाटले. पारावरच्या मंडळींनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "क्रिकेटमधी हाय का?" न्हाई. "मंग कबड्डी?" न्हाई. "मंग कायचा देशाचा?" तो नुसता हसायचा. ढकलाढकलीत त्याचे कान पुरीसारखे फुगले होते आणि नाक जरासं डावीकडे गेलं होतं. त्या कानांनी आणि नाकानं दोन स्थळं आधीच परत गेली होती. तिसरं आलं ते परतूरच्या अप्पारावांचं. कापसाच्या बाजारात त्यांची आडत होती, आणि त्यांची मुलगी बेबीनंदा मला फार आवडली होती.

दोन हजार साली होळीच्या पुढेमागे अप्पाराव आणि त्यांची बहीण केशरबाई आमचं घर बघायला आले. मच्छिंद्र रजेवर होता, आणि दौऱ्याच्या सराव शिबिराला त्याला लवकरच जायचं होतं. बोलणं चांगलं चाललं होतं. केशरबाई हात धुवायला मोरीत गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या. भावाच्या कानात काही बोलल्या. अप्पारावांनी चहाची बशी अर्धी तशीच ठेवली आणि म्हणाले, "इचार करून कळवतो."

अर्धा चहा ठेवून उठलेला पाहुणा काय कळवणार?

कारण कळलं ते ताहेरामुळे. ती आमच्या शेजारची. बांगड्यांची टोपली घेऊन ती परतूरपर्यंत जायची, आणि तिला बंद असं एकही घर नव्हतं. दोन दिवसांनी ती आली आणि टोपली न उतरवताच म्हणाली, "भाभी, बुरा मानू नको. तुझ्या दिराला कवळी हाय म्हणं."

"काय हाय?"

"कवळी. केशरबाईनं पेल्यात बघितली, मोरीच्या कोनाड्यात. बिलकुल पूर्ण बत्तीशी, बोलली. एवढा जवान पोरगा आन् तोंडात एक दात न्हाई."

मी कोनाडा बघितला. पेला तिथंच होता. त्यात मिठाच्या पाण्यात मच्छिंद्रचं रबराचं कवच पडलं होतं. मार लागून दात तुटू नयेत म्हणून खेळताना ते दातांवर बसवतात. गुलाबी रंगाचं, आणि त्याच्या दातांचा बरोबर ठसा त्यावर. मी ताहेराला दाखवलं. ती खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग टोपली उचलून म्हणाली, "मी सांगते जाऊन. पण माझ्या सांगण्यावर न्हाई भागणार. घेऊन जा त्याला, दाखव तोंड."

तिनं तसा निरोप पोचवला, आणि आम्हाला परतूरला बोलावणं आलं. निघताना मालक मच्छिंद्रला म्हणाले, "हे तिसरं ठिकाण हाय. ते खेळ सोड म्हणले तर सोडायचा. लई झालं खेळणं." मच्छिंद्रनं वाकून चपला घातल्या. शिबिराची बॅग त्यानं भरून ठेवलेली मी पाहिली होती. सासूबाईंच्या या पोराचा संसार मांडलेला मला बघायचा होता, आणि ती बॅग रिकामी झालेली बघायची नव्हती. दोन्ही कसं जमायचं, मला सुचत नव्हतं.

अप्पारावांच्या बैठकीत दहा-बारा माणसं जमली होती. जणू बैल घ्यायला आली होती, दात बघून. मच्छिंद्रनं खिशातून कवच काढलं, दातांवर बसवलं आणि केशरबाईंकडे बघून हसला. मग काढून पुन्हा हसला.

केशरबाई म्हणाल्या, "हसून काय कळतंय? ऊस आणा."

ऊस आला. मच्छिंद्रनं तो दातांनी सोलला, कांडं मोडलं आणि चघळलं. चोथा हातात घेऊन तो विचारू लागला, "हे टाकू कुठं?" माजघराच्या दाराआडून कुणीतरी फिसकन हसलं. बेबीनंदाच असणार.

"दात खरे हाईत, कबूल," अप्पाराव म्हणाले. "पण टिकतील किती दिस? कान बघा, नाक बघा. उद्या मान मोडली तर आमच्या पोरीनं काय करायचं? खेळ सोडा, मंग तारीख धरू."

बापाचं बोलणं होतं, त्याला नाव कसं ठेवणार? मालकांनी लगेच मान डोलावली. मच्छिंद्र माझ्याकडे बघत होता. लहानपणी कढी संपली की असाच बघायचा, मागायचा नाही. तो आता 'बरं' म्हणणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात बेबीनंदा दारात आली. अशा बैठकीत मुलीनं विचारलं तर नाव सांगायचं, एवढीच आमच्याकडे रीत.

"आण्णा," ती बापाला म्हणाली, "मी खो-खोत जिल्ह्याला खेळल्ते. दहावी झाली, तुम्ही म्हणले सोड. मी सोडला."

"मंग? आता त्याचं काय?"

"एका घरात एकानं सोडला तेवढं बास झालं. ह्यांनी कशाला सोडायचा?"

केशरबाई पुटपुटल्या, "लग्नाआधीच ह्यांनी म्हणून राह्यली बघा." त्यावर एकजण खोकला, एकजण हसला. अप्पारावांनी लेकीकडे बघितलं. त्यांना तिची खो-खोची पळापळ आठवली असेल का, मला ठाऊक नाही. मग ते आत वळून म्हणाले, "साखर आणा."

वैशाखात लग्न झालं, आणि हळद पुरती निघायच्या आत तो दौऱ्यावर गेला. ताहेराच्या भावाचा, लतीफचा, वाटूरच्या फाट्यावर एसटीडी बूथ होता. सामन्याच्या दिवशी आम्ही सगळे तिथं जाऊन बसलो. केशरबाईसुद्धा परतूरहून आल्या होत्या. फोन आला. लतीफनं फोन माझ्या हातात दिला.

"हरलो, वैनी," मच्छिंद्र म्हणाला. "लई हरलो."

"लागलं का कुठं?"

"न्हाई. केशरआत्याला सांगा, समदे जागेवर हाईत."

मी सांगितलं. केशरबाईंनी पदरानं तोंड झाकलं. बेबीनंदानं फोन घेतला आणि कानाला घट्ट लावून ऐकत उभी राहिली.

पुढे तो बरीच वर्षं खेळला. ते बहुतेक वेळा हरत, पण एक-दोनदा जिंकलेही. एक दात गेला तोही खेळात नाही, नव्या जालन्यात मोटारसायकल घसरून. तो रजेवर असला की बेबीनंदा कवच धुऊन मिठाच्या पाण्यात ठेवायची आणि पेल्यावर वाटी पालथी घालायची. न जाणो, कुणी पाहुणे यायचे.

दारात येऊन ती चार वाक्यं बोलली, त्याचे आभार मी तिच्या तोंडावर कधी मानले नाहीत. जावेचे आभार मानायची आमच्यात पद्धत नाही. पण कढी केली की अजूनही पहिली वाटी मी तिला देते. मच्छिंद्र तिच्यामागे वाटी घेऊन उभा असतो.