ओल कशाची

बोटांना काळं लागलं. नळी हातात आली ती तुटूनच — दोन इंचांचा तुकडा, बाहेरून विणलेल्या दोऱ्याचं जुनं कवच आणि आत रबर... रबर कसलं, चिखल. अंगठ्याने चोळलं तर काजळासारखं पसरत गेलं. मग, सवयच ती, तुकडा आपोआप नाकाशी गेला. काही नाही. साधा पाण्याचा पेला नाकाशी धरावा तसं. तरी त्याने जाणकारासारखी मान हलवली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी हलवली; वर्षभरात हे नाटक अंगवळणी पडलं होतं.

पण ते असो. आज फटफटी सुरू करायची होती! सकाळपासून हा एकच विचार अंगात असा शिवशिवत होता, की एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने उजवी बाही डावीकडे टाचली आणि स्वतःशीच हसत उसवली. सगळं आयुष्य शिलाईयंत्रावर गेलं त्याचं, त्यातली बरीच वर्षं फटफटीवाल्यांची जाड जाकिटं शिवण्यात — हँडल धरलं की बाही वर सरकते, म्हणून ती दोन बोटं लांब ठेवायची, पाठीत वारा भरू नये म्हणून कमरेला पट्टा — असं दुसऱ्यांच्या वेगाची मापं घेता घेता साठी जवळ आली, आणि मग एक दिवस भंगारवाल्याच्या आवारात ही दिसली, गंजलेली, सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर कोंबडी बसलेली. त्याने कोंबडीला उठवलं आणि स्वतः बसला. तेव्हाच काय ते ठरलं.

"माणसं म्हातारपणी गुडघ्यांना तेल लावतात, तुम्ही फटफटीला लावा," असं बायको म्हणाली खरी; पण खालच्या कामाच्या खोलीत कापडाचे तागे भिंतीकडे सरकवून गाडीला जागा तिनेच करून दिली. सीट त्याने स्वतः शिवली. तारा बदलल्या, ब्रेक बदलले, टाकी आतून धुतली. राहिल्या होत्या त्या टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या पेट्रोलच्या दोन नळ्या. हातभर लांबीसुद्धा नाही दोन्ही मिळून, आणि त्यांच्यावाचून सगळं अडलेलं.

दुपारी पार्टवाल्याने काउंटरवर नळ्या टाकल्या तेव्हा त्याचे डोळे लकाकले. एक काळी, वरून विणलेली, अगदी जुन्यासारखी — बोटांत घेतली तर उत्तम लोकरी कापडासारखी भरीव, दुमडली तरी चुणी न धरणारी. "हीच न्या," पार्टवाला म्हणाला. "आतलं रबर आजच्या पेट्रोलला टिकणारं आहे. ती दुसरी पारदर्शक, ती पिवळी पडते, कडक होते. आणि जुन्या गाडीला ती म्हणजे... आजीबाईला गॉगल."

मन काळीवर होतं. किती शोभली असती! आणि हाताने पारदर्शक उचलली.

"का हो?"

"आतलं दिसतं."

"त्यात काय बघायचंय? गळायला लागली की वास येतोच की."

"तेच," तो म्हणाला. तेच म्हणजे काय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पार्टवाल्याने नळी गुंडाळून दिली.

गेल्या हिवाळ्यातल्या तापात त्याचं नाक गेलं होतं. ताप उतरला, वास परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाही येणार. येईल तेव्हा सांगू, असं म्हणत त्याने घरी सांगितलं नाही, आणि मग सांगणं अशक्यच होऊन बसलं. कारण मध्ये जेवण आलं. त्याआधी जेवायला बसला की तो नाकाने कांदे सोलायचा — हे खाली लागलंय, त्याला शिळा वास येतोय, तेल कुठलं आणलंस — लग्नापासून एक जेवण सुखाने जाऊ दिलं नाही त्याने तिला. आणि तापानंतरच्या पहिल्या जेवणाला, जिभेवर नुसतं गरम आणि ओलं काहीतरी आहे एवढंच कळत असताना, काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला, छान झालंय. तिने वाढायचा डाव खाली ठेवला. बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट मन लावून केलं, आणि तो पुन्हा म्हणाला. मग रोजच. घर कसं गोड झालं. ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. बहिणीला फोनवर सांगताना त्याने दाराआडून ऐकलं, "आजारपणाने माणूस सुधारला बाई माझा." आता यावर कुठल्या तोंडाने सांगायचं? मी सुधारलो नाही गं, मला कळतच नाही... छे.

त्याने पेल्यात गरम पाणी आणलं. नळीचं टोक त्यात बुडवून मऊ करायचं, मग ते कॉकच्या तोटीवर चढतं. कापायला पातं घेतलं. कापडाची कात्री रबराला लावणं म्हणजे पापच. माप घेतलं, आणि कापताना हात आपोआप दीड बोट पुढे सरकला. शिवणीत जादा कापडाची माया सोडावीच लागते. कापलेलं परत जोडता येत नाही. दोन्ही नळ्या चढवल्या, क्लिपा आवळल्या आणि श्वास रोखून कॉक उघडला.

उतरलं! पिवळसर, चकचकीत पेट्रोल नळीत शिरलं, झरझर खाली आलं आणि थांबलं. जास्तीच्या लांबीने नळीला मध्येच कमान आली होती, आणि कमानीच्या माथ्यावर हवेचा एक बुडबुडा ठाण मांडून बसला होता. तो मोठ्याने हसला. अरे, ही काय वाढत्या पोराची पँट आहे, पुढे सोडायला? कॉक बंद केला, नळ्या काढल्या, तेवढं थोडं पेट्रोल फडक्यावर सांडलं, माया कापून टाकली — उभ्या जन्मात पहिल्यांदा माया कापून टाकली त्याने — आणि पुन्हा गरम पाणी, पुन्हा क्लिपा, पुन्हा कॉक. आता मात्र पेट्रोल असं सरळ गेलं, की आनंद पोटात माईना. गुडघे दुखत होते, तरी तो तसाच उकिडवा बसून बघत राहिला. पारदर्शक घेतली ते किती बरं झालं!

मग बोट खालच्या जोडाला लागलं. ओल होती.

पाणी असेल. गरम पाण्यातलं टोक चढवलं, ते निथळलं असेल. पुसलं. वाट पाहिली. पुन्हा बोट लावलं... ओल? की बोटच घामेजलेलं? सुईने आणि अंगुस्तानाने घट्टे पडलेलं बोट, त्याला काय विश्वासाने विचारणार? जोडाच्या खाली इंजिन, ते तापणार. पलीकडे कापडाचे तागे, लोकांचे टाचलेले कपडे, आणि वर ती. कुणीही साधा माणूस काय करेल? वाकेल, हुंगेल, झालं. उद्या पार्टवाल्याला बोलावता येईल. उद्या... पण आजचं हे जे अंगात उसळतंय, ते उद्यापर्यंत धरवेल कुणाला? उद्या कशाला, आत्ता. आत्ताच.

"अगं, जरा खाली येतेस?"

ती हात पुसत आली आणि दारातच थबकली. "अहो, केवढा वास कोंडलाय! दार तरी उघडायचं." मागचं दार तिनेच सताड उघडलं, पेट्रोलचं फडकं चिमटीत धरून बाहेर टाकलं.

"हे बघ. ही ओल. पाणी आहे की पेट्रोल?"

"मला काय विचारता? वास घ्या."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. तापापासून. कसलाच नाही. चवही नाही."

तो पाना हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला; ती एकेक जेवण आठवत मागे मागे जात होती, हे त्याला दिसत होतं.

"म्हणजे बहीण आली होती तेव्हा, दोनदा वाढून घेतलंत, ते..."

"भूक होती," तो म्हणाला. तेवढं तरी खरं होतं. आणि मग सांगूनच टाकलं, "तू खूश व्हायचीस. मला ते फार आवडायला लागलं होतं."

ती सीटवर हात टेकून वाकली. वरच्या जोडाशी नाक नेलं, मग खालच्या. बराच वेळ. "खालच्याला आहे," ती म्हणाली. "पेट्रोलच."

टोकावर क्लिपेने चीर पाडली होती. त्याने कॉक बंद करून तेवढं टोक कापलं, या वेळी कोरडंच, जोर लावून चढवलं, क्लिप बेताने आवळली, कॉक उघडला. ती पुन्हा वाकली.

"नाही आता."

"नक्की?"

ती सरळ उभी राहिली. "मी सांगतेय ना."

त्या आवाजात राग होता का, रडू होतं का, काहीच नव्हतं का, हे तो शोधत राहिला आणि त्याला सापडेना. तिच्या शब्दाशिवाय आता त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. ती अशीच बसत असेल, त्याच्या मनात आलं, रोज, डाव हातात धरून, माझ्या एका शब्दावर.

"तू बाहेर उभी राहा," तो म्हणाला.

ती हलली नाही. हँडलशी, इंजिनापासून हातभर अंतरावर, तशीच उभी.

त्याने किकवर पाय ठेवला. छाती सकाळपेक्षा जोरात धडधडत होती, आणि गाडी सुरू झाली तर काय, नाही झाली तर काय, याचा विचारच त्यात नव्हता. थोड्या वेळाने ती वाढायला घेईल, आणि आपल्यापाशी म्हणायला एकही तयार वाक्य नाही... याची धास्ती वाटायला हवी होती. वाटत होती तीही. पण त्या धास्तीखाली, तिच्याहून मोठं, असं काहीतरी उसळत होतं की त्याला एकदम हसूच आलं, आणि तो सगळा भार पायावर टाकून उभा राहिला.