अख्खी पन्हळ

पन्हळवाल्याने शिडीवरून हात लांब करून पन्हळ नुसती हलवली, तर कुजलेल्या पानांचा आणि गंजलेल्या पापुद्र्यांचा एक लगदा खाली उभ्या असलेल्या काकूंच्या पायाशी येऊन पडला. काकू दोन पावलं मागे सरकल्या.

"हलवतोस कशाला? कोपऱ्यातला सांधा तेवढा भर."

"सांधा कशाला धरून राहील, आजी? पत्राच उरला नाही."

"काकू म्हण."

"बरं, काकू. इथे आधी डांबर लावलंय, त्यावर कापड, कापडावर पुन्हा डांबर. आभाळ फाटलं तर ठिगळ लावता येत नाही म्हणतात. तुम्ही तेही लावून दाखवलंत की!"

काकू हसल्या नाहीत. घर त्यांचं होतं आणि ठिगळंही त्यांचीच. नवरा गेल्यावर एवढ्या खोल्या अंगावर यायला लागल्या, घर खायला उठलं, म्हणून त्यांनी ते भाड्याने दिलं आणि बसने जायला लागेल इतक्या लांब एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. मोठ्या घराने निदान चावून तरी खाल्लं असतं. ती खोली तर अख्खं गिळायला बसली होती.

भाडेकरू म्हणजे दवाखान्यातली एक नर्स आणि महिन्यातले बरेच दिवस ट्रकवर असणारा तिचा नवरा. पन्हळ गळली की नर्स फोन करायची. काकू कारागीर घेऊन हजर व्हायच्या आणि काम चालू असेपर्यंत स्वयंपाकघरात बसायच्या. नर्स चहा टाकायची, वॉर्डातल्या गमती सांगायची, कुठला पेशंट इंजेक्शन बघून पलंगाखाली लपला ते करून दाखवायची. तासाभराचं काम काकू दुपारभर पुरवायच्या. तुम्ही हे मुद्दाम करता, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्या भांडायलाच उठल्या असत्या. पण पन्हळ एकदा धड झाली की आपलं इथलं येणं संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नेहमीचा ठिगळवाला कारागीर मुलाकडे कायमचा राहायला गेला, म्हणून या खेपेला नर्सनेच दवाखान्यात विचारून हा नवा माणूस शोधला होता. आणि हा पडला एक घाव दोन तुकडे करणारा.

"अख्खी बदला," तो खाली उतरत म्हणाला. "न गंजणारी बसवतो. मग पंधरा वर्षं वर बघायला नको. पन्हळ आहे हेच विसरून जाल."

काकूंनी झटकन मान हलवली.

"नको. सांधाच भर."

"पैशाची अडचण असेल तर—"

"पैशाचं नाही रे."

"मग?"

"मी सांगते तेवढं कर."

पन्हळवाल्याने दारात उभ्या असलेल्या नर्सकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"करतो," तो म्हणाला. "पण आधी आतली भिंत बघून या. मी मघाशी बघून आलोय."

"काकूंना कशाला त्रास?" नर्स घाईघाईने म्हणाली. "आमचं भागतंय."

ती 'भागतंय' म्हणाली म्हणूनच काकू आत गेल्या. एरवी त्या स्वयंपाकघराच्या पुढे कधी जात नसत. दुसऱ्याच्या निजायच्या खोलीत डोकावू नये, एवढी रीत त्यांना होती. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला होता. भिंतीवर खांद्याच्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी चढली होती. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून खुर्चीवर रचले होते. कोपऱ्यात बादली होती आणि तिच्या तळाशी घडी घातलेला टॉवेल.

"हा टॉवेल कशाला गं?"

"रात्रपाळी करून आले की दिवसा झोपते ना. थेंबांचा आवाज येतो."

काकूंनी वाकून त्या टॉवेलला हात लावला.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? फोन केला की तुम्ही लगेच येता. दुसरे मालक ढुंकून बघत नाहीत. वर आणखी कुरकुर केली आणि तुम्ही घरच सोडा म्हणालात तर? दवाखान्याजवळ दुसरं कुठं मिळणार?"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण चहा पीत बसत होतो त्या प्रत्येक दुपारचं भाडं ही पोरगी भरत होती. त्या बाहेर आल्या आणि शिडीला टेकलेल्या माणसाला म्हणाल्या,

"अख्खी बदल. आणि आतला गिलावाही नवा करायला माणूस बघ."

काम झालं, चांगलं झालं. निघताना नर्सने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सुटलात काकू. आता तुमची धावपळ वाचली."

"हो ना," काकू म्हणाल्या.

त्यानंतर पाऊस दोनदा चांगला झोडपून गेला. काकूंनी तो खिडकीत उभं राहून पाहिला. तिकडे आता सगळं कोरडं असेल या विचाराने त्यांना बरं वाटलं, आणि कुणी बोलावणार नाही या विचाराने रडूही आलं. एका दुपारी मात्र त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि बस धरली. सहज आले, एवढं तर म्हणायचं. वाटेत त्यांनी ते मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं.

दार नर्सने उघडलं. तिचा चेहरा उतरला.

"काकू? काय झालं?"

"काही नाही गं. सहज आले."

तिच्या मागे तिचा नवरा सदऱ्याची बटणं लावत उठून उभा राहिला. त्याने पुढच्या खोलीतली चांगली खुर्ची पुढे केली, उगीच पुसली आणि घसा खाकरला.

"काकू, स्पष्टच विचारतो. घर विकताय का? पन्हळ बदललीत, गिलावा केलात, तेव्हाच मी हिला म्हटलं होतं. विकायचं असल्याशिवाय कोण एवढं करतं?"

काकू उभ्याच राहिल्या. मालकीण कामाशिवाय दारात आली की तिच्यामागून काय येतं, ते या दोघांनी आधीच्या घरांत भोगलं असणार. आपण नुसत्या माणूस म्हणून आलो आहोत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"छे रे. विकतेय कशाला?" त्या म्हणाल्या. "तो स्वयंपाकघरातला नळ... गळतो ना? म्हटलं, बघून जावं."

"नळ होय!" त्याचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने हसला आणि मटकन खाली बसला.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी नळ सोडला, बंद केला आणि त्याखाली हात धरला. थेंब पडेना. दाराकडे वळून बघायचं धाडस होईना, म्हणून त्या तशाच हात धरून उभ्या राहिल्या.

नर्स मागे येऊन थांबली. तिने त्या कोरड्या हाताकडे पाहिलं.

"अगं, पण नळ तर चांगला आहे," बाहेरून नवरा ओरडला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही घरात असता कधी?" ती तिथूनच म्हणाली. मग तिने काकूंचा हात हळूच बाजूला केला आणि चहाचं भांडं नळाखाली धरलं.

"गळतो थोडा," ती म्हणाली. "दर आठवड्याला बघावा लागेल, काकू."